बाउन्सर, ग्राहक आणि मेकॉलेचा मसुदा

पबच्या दारात बाउन्सरने बखोट धरून मारायला सुरुवात केली, तर प्रतिकाराचा हक्क कुठून येतो? त्याचा उगम शोधायला 1837 मध्ये जावे लागते.

त्या वर्षी मेकॉलेच्या विधी आयोगाने भारतीय दंडसंहितेचा मसुदा सादर केला. आत्मसंरक्षणाविषयीचे त्यातील टिपण विलक्षण आहे. इथले लोक दरोडेखोरांचे अत्याचारही मुकाट सोसतात. तेव्हा या हक्कावर बंधने वाढवण्यापेक्षा लोकांत धैर्य जागवावे, असा त्याचा सूर. (परकीय सत्तेच्या अधिकाऱ्यांनी हे लिहावे, हा इतिहासाचा विनोदच!)

1860 च्या संहितेत हा हक्क 96 ते 106 या कलमांत आला. आज तो भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत आहे.

बाउन्सर म्हणजे पोलीस नव्हे. स्वसंरक्षणाचा जो हक्क त्याला, तोच ग्राहकाला, मर्यादाही तीच. बचावापुरतेच बळ वापरायचे, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हक्कच उरत नाही. धोका टळला की हक्क संपतो. म्हणून बाहेर काढल्यावर परत धावत येऊन मारलेला ठोसा बचाव ठरत नाही; जमिनीवर निपचित पडलेल्या ग्राहकाला बाउन्सरने घातलेली लाथही नाही.