निवेदकाची जागा : सातारा-सांगलीच्या कथेचा इतिहास

आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत अस्तित्वात नव्हता. त्याचा काही भाग सातारा जिल्ह्यात मोडत होता, काही भाग सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांत विखुरलेला होता, आणि संस्थाने विलीन झाल्यावर जो ‘दक्षिण सातारा’ जिल्हा बनवण्यात आला त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. हा तपशील वरकरणी महसुली असला तरी मराठी कथेच्या अभ्यासकाला तो महत्त्वाचा आहे, कारण ग्रामीण आणि दलित कथेला आकार देणारे कितीतरी लेखक या एकाच मुलखातून पुढे आले. मुलूख एक असला तरी त्याचे पाणी दोन प्रकारचे आहे : पश्चिमेला कृष्णा-वारणेचे काळ्या रानाचे, उसाचे खोरे, तर पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा पावसाने कायम हुलकावणी दिलेला टापू. या कथांमधील आशयसूत्रे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे विषय, शोधू गेल्यास दुष्काळ, भूक, बलुतेदारी आणि गाव सोडून जाणे ही चटकन हाती लागतात. तेवढ्यावर थांबणारे विवेचन मात्र अपुरे राहते, कारण तोच दुष्काळ गावातल्या कोणत्या जागी उभा राहून सांगितला आहे, यावर कथेचा घाट ठरतो. कथा सांगणाऱ्या या आवाजाला समीक्षेत निवेदक म्हणतात. तो लेखकाच्या जवळचा असू शकतो, पण त्याला लेखक समजून चालत नाही.

या मुलखात कथा आधी आली ती नागर वेशात. सांगलीत १८९८ मध्ये जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी रूपककथा, म्हणजे फुले, पक्षी, दगड अशा प्रतीकांतून जीवनविषयक विचार सांगणारी छोटी गोष्ट, मराठीत रुजवली. तिच्यातला निवेदक कोणत्याही गावचा रहिवासी नसतो. कुंडलजवळच्या माळावर, औंध संस्थानाच्या हद्दीत १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले आणि शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली कारखान्याच्या या पत्राचे एक मातबर मासिक झाले. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडे तिथूनच निघाली. नांगर घडवणाऱ्या वसाहतीतील छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या या मासिकांतली कथा मात्र बहुतांशी शिक्षण, विवाह आणि सुधारणा यांत गुंतलेल्या पांढरपेशा घरात वावरत होती. नांगर ज्या शिवारात जात होता, तिथला माणूस कथेत यायला आणखी काही वर्षे लागायची होती.

तो आला १९४५ नंतरच्या नवकथेबरोबर. घटनांची उत्कंठा आणि शेवटची कलाटणी यांपेक्षा अनुभवाच्या अंतरंगाला महत्त्व देणाऱ्या कथेला हे नाव मिळाले. तिच्या चार प्रमुख शिल्पकारांपैकी अरविंद गोखले यांचा जन्म इस्लामपूरचा आणि व्यंकटेश माडगूळकर यांचा आटपाडी तालुक्यातील माडगूळचा, म्हणजे दोघे याच मुलखातले. गोखल्यांनी आयुष्यभर निष्ठेने कथाच लिहिली. कथेला गावाची वाट दाखवली ती माडगूळकरांनी. १९२७ मध्ये जन्मलेल्या या लेखकाचे वडील औंध संस्थानात नोकरीला होते, आणि स्वतः माडगूळकरांनी कोवळ्या वयात माणदेशातील, म्हणजे माण-आटपाडीच्या त्या कोरड्या टापूतील, लहानशा गावात शाळामास्तरकी केली. त्यांच्या निवेदकाची जागा या दोन गोष्टींनी मुक्रर केली. तो गावाचाच असतो, सगळ्यांना नावानिशी ओळखतो, पण लिहिणारा-वाचणारा असल्यामुळे चार पावले बाजूला उभा असतो. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या पुस्तकात व्यक्तिचित्र आणि कथा यांच्यातली सीमारेषा पुसली गेली ती या अंतरामुळेच.

त्यातील ‘धर्मा रामोशी’ या चित्राची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. म्हाताऱ्या, फाटक्या धर्माला निवेदक धोतर देतो. नंतर तो पुन्हा पूर्वीच्याच लक्तरांत दिसतो, तेव्हा दिलेल्या वस्तूचे काय झाले हा प्रश्न निवेदकाच्या मनात सलतो, आणि उत्तर मिळते ते धर्माच्या लेकीला पाहिल्यावर, कारण ते धोतर तिच्या अंगावर असते. लुगड्याला महाग झालेल्या त्या घराविषयी निवेदक एकही उद्गार काढत नाही. घटना जागच्या जागी राहते, आणि देणाऱ्याच्या मनात क्षणभर उमटलेला संशय त्याच्यावरच उलटतो. वाचकही त्याच्या शेजारी उभा राहून तोच संशय घेत आलेला असतो, म्हणून ही लाज दोघांनाही वाटते. चित्रकार असलेल्या माडगूळकरांची रेघ जशी मोजकी, तसेच त्यांचे वाक्य आखूड. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद माणदेशी बोलीत ही त्यांची वाटणीही त्या चार पावलांच्या अंतराचीच खूण आहे. ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीतही दुष्काळाने उठून जाणारी धनगरवाडी एका बाहेरून आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनीच दिसते.

त्याच आटपाडी तालुक्यात, आटपाडी गावी १९२१ मध्ये शंकरराव खरातांचा जन्म झाला, आणि तेच रान, त्याच पायवाटा त्यांच्या कथेत पूर्णपणे वेगळ्या दिसतात. महार समाजातील ज्या माणसाकडे पाळीने गावकीची कामे येत, सरकारी निरोप पोचवणे, दवंडी देणे, मयताची बातमी परगावी नेणे, त्याला तराळ म्हणत. आणि त्या कामांचा मोबदला म्हणून सुगीला खळ्यावर जे धान्य मिळे ते बलुते. ‘बारा बलुतेदार’, ‘सांगावा’, ‘दौंडी’ ही त्यांच्या कथासंग्रहांची शीर्षकेच या व्यवस्थेच्या शब्दकोशातून आली आहेत. माडगूळकरांच्या कथेत गावकामगार रस्त्याने येताना दिसतो. खरातांच्या कथेत तो रस्ताच त्याच्या अनवाणी पायांतून कळतो. त्यांचे निवेदन पुष्कळदा सरळ, जबानी दिल्यासारखे असते, त्यात सूचकतेपेक्षा नोंद अधिक असते, आणि काही समीक्षकांना ते कलादृष्ट्या उणे वाटले. हा आक्षेप अन्यायाचा आहे. ज्याचे म्हणणे कोणत्याच दप्तरात कधी लिहिले गेले नाही, त्याच्या साक्षीला तपशील सोडून देणे परवडत नाही.

वारणेच्या बाजूला वाटेगाव येथे १९२० मध्ये जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांचा निवेदक तिसऱ्याच ठिकाणी उभा आहे. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला हा मुलगा आई-वडिलांबरोबर पायी मुंबईला गेला, कामगार वस्तीत वाढला, आणि तमाशा-पोवाड्याची शाहिरी अंगात मुरवूनच कथेकडे वळला. म्हणून त्यांची कथा समुदायाला उद्देशून, चढत्या आवाजात सांगितलेली असते. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला वारणाकाठचा धिप्पाड भीमा खाणीचे काम बंद पडल्यावर रात्री पुरलेली मढी उकरून सोने काढू लागतो. प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो, प्रेताच्या जबड्यात बोटे अडकून कायमची गमावतो, आणि नेमकी तेव्हा खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. नवकथेने दूर सारलेली उत्कंठा आणि कलाटणी इथे पूर्ण ताकदीने वापरली आहे, आणि ती इथे शोभतेही, कारण बेकारीतल्या माणसाचे जगणे अशाच आकस्मिक आघातांनी हेलपाटत असते. शहरातल्या त्या मसणवट्यातही भीमाच्या मागे गावाचा दुष्काळ उभाच असतो.

या तिन्ही जागांनंतर लिहिणाऱ्यांची वाट काहीशी मोकळी झाली. कवठेमहांकाळ तालुक्यातील मळणगावचे शिक्षक दिनकर भोसले ‘चारुता सागर’ या टोपणनावाने लिहीत; ‘नागीण’ संग्रहामुळे ते कथाकार म्हणून नावारूपाला आले, आणि देवाला वाहिलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या आयुष्यावरची त्यांची ‘दर्शन’ ही कथा २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटाच्या आधारांपैकी एक ठरली. त्यांच्या कथेचे मोल मराठी वाचकांनी अद्याप पुरते केलेले नाही.

दरम्यान कथाकथनाची, म्हणजे लेखकाने स्वतः रंगमंचावर आपली कथा सांगण्याची, प्रथा माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव लोकप्रिय केली. तिच्यामुळे कथेला वाचकांपलीकडचा श्रोता मिळाला, जरी ‘धर्मा रामोशी’सारख्या मुक्या शेवटाच्या कथेपेक्षा हशा पिकवणाऱ्या कथेलाच तिथे अधिक वाव होता. तडसरचे दलित कथाकार वामन होवाळ हेही याच मंचावर गाजले. गावकीच्या काळात दलितांनी चावडीसमोर उभे राहून मोठ्याने बोलायचे ते दुसऱ्याच्या हुकमाची दवंडी देताना; होवाळ उभे राहून आपल्या बोलीत आपली कथा सांगत, आणि समोर गाव बसून ऐकत असे.