बेसमेंटमधून आयर्लंडला

तुमच्या घराला बेसमेंट असेल, तर तिथे काय आहे ते मी न बघता सांगते: गणपतीचं थर्मोकोलचं मखर, भारतातून आणलेल्या आणि अजून पूर्ण न उघडलेल्या बॅगा, आणि वर्षभर पुरतील एवढे पेपर टॉवेल. आमच्याकडेही हेच आहे. मेरिलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला मेनार्ड हिल यांच्या बेसमेंटमध्ये मात्र विमानं तयार होत. त्यांतलं एक २००३ साली अटलांटिक ओलांडून गेलं. तोच अटलांटिक, जो आपण भारतात जाता-येता झोपेत पार करतो.

हिल व्यवसायानं धातुशास्त्रज्ञ. जॉन्स हॉपकिन्सच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत ते होते. वॉल्टर गुडही याच प्रयोगशाळेतले. गुड आणि त्यांच्या भावानं १९३७ मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझूला रेडिओवर चालणारं 'गफ' नावाचं विमान उडवलं होतं. या छंदाचा इतिहास बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. हिल यांनी १९७० मध्येच आपलं मॉडेल आठ किलोमीटरहून उंच नेऊन विक्रम केला होता. त्यामुळे अटलांटिकची कल्पना म्हणजे एका हौशी आजोबांची लहर होती असं समजू नका.

खरी अडचण वजनाची होती. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विक्रमासाठीच्या मॉडेल विमानाचं उड्डाणाच्या वेळचं वजन, इंधनासकट, पाच किलोच्या आत हवं. अंतर तीन हजार किलोमीटर. म्हणजे जवळजवळ निम्मं वजन इंधनाचंच धरायचं आणि उरलेल्यात पंख, इंजिन, जीपीएस, ऑटोपायलट, सगळं बसवायचं. (मी एकदा बाल्साचं किट आणून इतका गोंद चोपडला होता की ते विमान उडण्याऐवजी नारळासारखं पडलं. तेव्हापासून एकेका ग्रॅमचं मोल मला कळतं.) हिल यांनी विमानाला चाकं ठेवली नाहीत. इंधन म्हणून कॅम्पिंगच्या कंदिलात घालतात ते घेतलं, आणि छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनाची भूक ताशी साठ ग्रॅमच्या आत आणली. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं ते उपग्रह आणि संगणकाचं. माझ्या मते हा विक्रम तराजूवर झाला.

आणि तो करणाऱ्याला नीट दिसत नव्हतं. कायद्याच्या व्याख्येनुसार हिल अंध होते, ऐकूही कमी येई. बाल्सा कापणं, जोडणं, घासणं बरंचसं बोटांच्या स्पर्शावर चाले. २००२ च्या ऑगस्टमध्ये न्यूफाउंडलंडला केलेले तिन्ही प्रयत्न फसले. आम्हा पोस्टडॉक मंडळींचा प्रयोग फसला की पुढच्या अनुदानाच्या अर्जात आम्ही त्याला 'प्राथमिक निष्कर्ष' म्हणतो. त्यांची विमानं गेली ती गेलीच. शहात्तराव्या वर्षी, नजर उतरत असताना, ते घरी येऊन पुन्हा पट्ट्या कापायला बसले. पुढच्या वर्षी चौथंही गेलं.

९ ऑगस्ट २००३ ला संध्याकाळी केप स्पिअरवरून पाचवं विमान हातानं फेकून सोडलं. नाव 'द स्पिरिट ऑफ बट्स फार्म': लिंडबर्गच्या विमानाची आठवण, आणि जिथे चाचण्या घेतल्या त्या मेरिलँडमधल्या शेताचे आभार. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत जेमतेम सहा फूट. जमिनीवरच्या माणसानं ते उंचीवर नेलं, ऑटोपायलटच्या हवाली केलं, आणि मग कोणाच्या हातात काही उरलं नाही. वाटेत काही तास उपग्रहाकडून माहिती येणंही थांबलं. तुमच्यापैकी ज्यांनी आईवडिलांना एकटं विमानात बसवून रात्रभर स्क्रीनवरचा ठिपका पाहिला आहे, त्यांना हे तास वेगळे समजवायला नकोत.

११ ऑगस्टला क्लिफडनजवळच्या मॅनिन बीचवर ते दिसलं. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन पहिल्यांदा न थांबता अटलांटिक ओलांडून आले, तेही याच क्लिफडनजवळच्या दलदलीत उतरले होते. त्यांना सुमारे सोळा तास लागले. याला जवळजवळ एकोणचाळीस. किनाऱ्यावर थांबलेल्या डेव्ह ब्राउन यांनी रेडिओवर ताबा घेऊन ते उतरवलं. टाकी उघडली, तर तळाशी काही चमचे इंधन शिल्लक होतं.