किल्ल्यानजीकच्या शाळेचे छप्पर

बंगळूरच्या जुन्या किल्ल्यानजीक १९०७ साली फोर्ट हायस्कुलाची कौलारू इमारत उभी राहिली, तेव्हा म्हैसूर संस्थानच्या दिवाणपदी व्ही. पी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातील गृहस्थ होते. आणि जे बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, जेथून त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरास जाऊन गादीचे संस्थापक झाले, तेथेच तंजावरच्या मराठी समाजातील पुरुषाने कारभार पाहावा, हा योग मराठी वाचकास हृद्य वाटल्यावाचून राहणार नाही.

त्या पिढीच्या इमारतींवर जी चपटी मंगळुरी कौले चढली, त्यांचे मूळ बासेल मिशनच्या उद्योगात आहे. १८३४ साली मंगळुरास आलेल्या या मिशनने, धर्मांतरामुळे उपजीविकेस मुकलेल्या कुटुंबांस काम मिळावे म्हणून आधी विणकाम काढले, आणि पुढे १८६५ साली प्लेब्स्ट नामक मिशनऱ्याच्या देखरेखीखाली, नदीकाठची चिकणमाती यंत्रात दाबून कौले भाजण्याचा कारखाना सुरू केला. कुंभाराची नळीची कौले वाऱ्याने व माकडांनी सरकत, म्हणून पावसाळ्यापूर्वी दरसाल शाकारणी करावी लागे. मंगळुरी कौल मात्र खाचेत खाच अडकवून बसते, आणि फुटले तर शेजारच्यांस फारसा धक्का न लावता एकटेच बदलता येते.

अशा इमारतीचे छप्पर नवे करणे म्हणजे आढ्यापासून वळचणीपर्यंत कौले उतरवावीत, प्रत्येक ठोकून पाहावे, खणखणीत वाजेल ते राखावे व बद्द वाजेल ते टाकावे. मग वाशांची भिंतीवर टेकलेली टोके निरखावीत, कारण ओल प्रथम तेथेच मुरते. आणि कुजके लाकूड बदलून, रिपा समान अंतरावर ठोकून, वळचणीकडून वर पुन्हा कौले चढवावीत. हे काम सावकाशीचे, म्हणून मंजुरी देणाऱ्यास पत्रा किंवा स्लॅब सोयीची वाटते. परंतु पत्र्याखाली पावसात गुरुजींचा शब्द मुलांच्या कानी पडत नाही व उन्हात वर्ग तापतो, आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींवर स्लॅबचा बोजा लादणे हा तर माझ्या मते उघड अन्याय होय. जुन्या शाळांच्या अंदाजपत्रकात दरसाल छपराच्या पाहणीची रक्कम स्वतंत्र धरावी, आणि उतरविलेली शाबूत कौले ठेकेदाराच्या गाडीत न जाता शाळेच्याच आवारात रचून ठेवावीत.