मराठी प्रेमकथेचा नायक

पनवेलच्या नाट्यगृहाला आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आहे. तालुक्यातील शिरढोण हे त्यांचे जन्मगाव. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. मराठी कादंबरीतला प्रेमवीर घडविला तो मात्र दुसऱ्या फडक्यांनी, ना. सी. फडके (१८९४-१९७८) यांनी. त्यांच्या नायकाला शस्त्र उचलायचे नव्हते. वडिलांसमोर उभे राहून स्वतःच्या लग्नाविषयी बोलायचे होते, आणि त्या काळच्या पांढरपेशा घरात हे धाडस लहान नव्हते.

त्याआधीच्या ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांत नायकाला रूप, कुळ आणि पराक्रम आयते मिळत. हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ (१८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः) या कादंबरीतील रघुनाथराव अगदी निराळा. ठरवून झालेल्या लग्नातली पत्नी त्याला शिकवावीशी वाटते. तिला तो मुंबईला नेऊन संसार थाटतो. त्याच्या मृत्यूनंतर यमूची जी परवड होते, तीवरून या एका भल्या माणसावर किती काही अवलंबून होते हे उमगते.

‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) या कादंबऱ्यांनी सुशिक्षित, देखणा, खेळात तरबेज आणि बोलण्यात चतुर असा तरुण रूढ केला. तो नायिकेशी बरोबरीने वाद घालतो. आकर्षण वाढते ते त्यातूनच. पोटापाण्याची चिंता त्याला फारशी नसते, हा टीकाकारांचा आक्षेप रास्तच होता. पण संयुक्त कुटुंबात वाढलेल्या वाचकाला नायकाच्या श्रीमंतीहून त्याच्या मोकळेपणाचा हेवा अधिक वाटला असणार.

या चित्राची दुसरी बाजू विभावरी शिरूरकर (मालतीबाई बेडेकर) यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहात दिसते. शिकलेल्या, मिळवत्या मुलींभोवती घोटाळणारे, पण निर्णयाची वेळ येताच कचरणारे पुरुष यात आहेत. पुस्तकाने मोठी खळबळ उडवली. लेखिकेने टोपणनाव का घेतले असेल, हे त्यावरून समजते. नायकाकडे असायला हवे ते काय, हे इथे त्याच्या अभावातून कळते: दिलेला शब्द निभावण्याची ताकद. रूप आणि वक्तृत्व यांतल्या काही पुरुषांकडेही होतेच.

वि. स. खांडेकरांच्या नायकाने प्रेमाला समाजसेवेची जोड दिली. तो आदर्शवादी खरा, परंतु प्रेयसीपेक्षा ध्येयाकडेच अधिक पाहतो, आणि बोलतो तेही अलंकारिक.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) हा पेच वेगळ्या रीतीने सोडविला. थोरले माधवराव कारभारात करारी, रमाबाईंसमोर हळवे. क्षयाने ग्रासलेला हा पेशवा १७७२ मध्ये अवघ्या २७ व्या वर्षी थेऊरला गेला. दरबाराला धाक असलेला माणूस पत्नीसमोर आपली दुर्बलता लपवत नाही. वाचकांना, विशेषतः स्त्रीवाचकांना, तो याचसाठी भावला असावा.

सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’त (१९८२) नायकपण पुण्यातल्या कॉलेजच्या कट्ट्यावर येऊन बसले. तिथे प्रेमाइतकीच मैत्रीही कसाला लागते. २०१३ मध्ये तिच्यावर चित्रपट आला आणि ही मुले पुढच्या पिढीलाही ओळखीची झाली.