भेर्ली माड

भेर्ली माड (शास्त्रीय नाव: कॅरिओटा यूरेन्स) हा ताड कुलातील एक उंच, शाखाहीन वृक्ष आहे. यास सुरमाड असेही म्हणतात. रोपवाटिकांमध्ये तो ‘फिशटेल पाम’ या नावाने विकला जातो. भारत व श्रीलंकेत हा वृक्ष मूळचा असून सह्याद्रीची दमट वने, कोकण आणि गोवा येथे तो नैसर्गिकरीत्या वाढतो. मराठवाड्यात तो मूळचा नाही. नांदेड, लातूर या शहरांत तो केवळ शोभेसाठी लावला जातो. आयुष्यात एकदाच दीर्घकाळ फुलून-फळून हा वृक्ष मरतो. त्यामुळे घराच्या आवारात लावण्यापूर्वी त्याची जात व जीवनक्रम माहीत असणे आवश्यक ठरते.

नाव

कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये या जातीचे शास्त्रीय नामकरण केले. ‘यूरेन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दाह करणारा’ असा असून तो फळांच्या खाजऱ्या गरास उद्देशून आहे.

वर्णन

खोड एकच, सरळ, राखाडी व वलयांकित असते. उंची साधारणतः १२ ते २० मीटर भरते. पाने ५ ते ६ मीटरपर्यंत लांब असून ती दोनदा विभागलेली असतात. ताड कुलात असे द्विविभाजित पान केवळ कॅरिओटा या प्रजातीतच आढळते. प्रत्येक पर्णिका तिरकस, त्रिकोणी व टोकाकडे कातरल्यासारखी असल्याने माशाच्या शेपटीसारखी दिसते. फुलोरा लांब, लोंबता, घोड्याच्या शेपटीसारखा असतो. फुले तीन-तीनच्या गटात येतात. दोन पुंपुष्पांमध्ये एक स्त्रीपुष्प असते. फळे गोल व पिकल्यावर लालसर होतात. उदमांजर ती आवडीने खाते व त्याच्या विष्ठेतून बियांचा प्रसार होतो.

तत्सम जातींपासून ओळख

मराठवाड्यात ओढ्याकाठी दिसणाऱ्या शिंदीचे पान एकदाच विभागलेले व बुडाशी काटेरी असते, तर ताडाचे पान पंख्यासारखे असते. म्हणून या दोहोंशी भेर्ली माडाची गल्लत होत नाही. गल्लत होते ती कॅरिओटा प्रजातीतील अन्य जातींशी.

कॅरिओटा मिटिस: ही ठेंगणी जात बुंध्यापासून अनेक खोडांचे बेट करते. फळून झालेले खोड मरते, परंतु नव्या फुटव्यांमुळे बेट टिकून राहते.

कॅरिओटा ओब्टुसा: ही महाकाय जात ईशान्य भारतापासून थायलंड, लाओस व व्हिएतनामपर्यंत आढळते. तिचेही खोड एकच असते, मात्र ते अधिक जाड व पर्णसंभार अधिक विस्तृत असतो.

रोप विकत घेताना बुंध्याशी फुटवे आहेत का, हे पाहावे. एकाच पिशवीत अनेक बिया रुजवलेल्या असल्यास एकखोडी जातीही बेटासारखी भासते. अशा वेळी रोपे एकाच बुंध्यातून निघाली आहेत की स्वतंत्र आहेत, याची माती सारून खात्री करावी.

मराठवाड्यातील लागवड

कोकणात वर्षाला २,५०० मिमीहून अधिक पाऊस पडतो. नांदेड व लातूर जिल्ह्यांत तो साधारणपणे ७०० ते ९५० मिमी असतो आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून येथे या वृक्षास उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या घरी उन्हाळ्यात पिण्याचेच पाणी अपुरे पडते, तेथे हा वृक्ष न लावणे इष्ट होय.

काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही स्थितींत मुळांना इजा होते. त्यासाठी सुमारे तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो पोयटा माती, कुजलेले शेणखत व भरड वाळूने भरावा. जून-जुलैमध्ये चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे. पहिले दोन-तीन उन्हाळे दुपारच्या उन्हापासून सावली द्यावी. आळ्यात उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट अंथरल्यास ओल टिकते. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या कमतरतेमुळे कोवळी पाने पिवळी पडतात.

पानांचा विस्तार लक्षात घेता भिंत, वीजवाहिनी व पाण्याची टाकी यांपासून किमान पाच मीटर अंतर राखावे. या वृक्षास शेंड्याशी एकच वाढबिंदू असतो. उंची कमी करण्यासाठी शेंडा छाटल्यास झाड मरते.

बियांपासून रोपे करताना ताज्या बिया वापराव्यात. रुजण्यास काही महिने लागतात. फळांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने त्वचेची आग होते. गर काढताना हातमोजे वापरावेत व गळलेली फळे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

मोहोर आणि मृत्यू

सर्वसाधारणपणे दहा-पंधरा वर्षांनंतर पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो. त्यानंतरचे फुलोरे क्रमाने खालच्या पेरांवर येत जातात. हा क्रम काही वर्षे चालतो आणि सर्वांत खालचा फुलोरा फळल्यावर झाड वाळते. हा रोग नव्हे. त्यावर औषध फवारणे किंवा अधिक खत घालणे निरुपयोगी असते. वाळलेल्या खोडाचा गाभा कुजून ते कोसळण्याचा धोका असल्याने ते वेळीच उतरवावे. महानगरपालिका हद्दीत झाड तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असल्याने त्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाशी संपर्क साधावा. पहिला फुलोरा दिसताच जवळपास नवे रोप लावल्यास जागा ओकी राहत नाही.

उपयोग

फुलोऱ्यास छेद देऊन निघणाऱ्या रसापासून माडी व गूळ करतात. श्रीलंकेत या गुळास व काकवीस विशेष मागणी आहे. खोडाच्या गाभ्यातून पिठूळ पदार्थ मिळतो. पानांच्या बुडाशी मिळणाऱ्या बळकट काळ्या धाग्यांपासून कुंचे व दोर बनवतात. केरळात पाने हत्तींना चारा म्हणून देतात.