पाचवी चिमणी

आजच्या भागाची सुरुवात एका बाजारभावापासून करते.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या पॅलेस्टाईनमध्ये चिमण्या विकायला असायच्या. पाळायला नाही, खायला. गरिबांचं मांस होतं ते. बायबलच्या नव्या करारात त्यांचा भाव दोन ठिकाणी येतो. मत्तयच्या पुस्तकात एका छोट्या नाण्याला दोन चिमण्या, आणि लूकच्या पुस्तकात दोन नाण्यांना पाच. आता हिशोब करा. दोन नाण्यांना चारच यायला हव्यात ना? म्हणजे जास्त घेतल्या की पाचवी फुकट. आपल्याकडे भाजीवाल्या मावशी वर कोथिंबिरीची काडी टाकतात, तसं. येशू ज्या चिमणीबद्दल म्हणतो की तिचाही देवाला विसर पडत नाही, त्यांत ही फुकटची पाचवीही आली. जिची किंमतच नाही, ती.

मला हे उदाहरण फार आवडतं, कारण देवाची गोष्ट सांगायला इथं देऊळ लागत नाही, पोथी लागत नाही. बाजारातली पाटी पुरते. येशूची बोलण्याची पद्धतच ही. पीठ मळणारी बाई, हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई, बी पेरणारा शेतकरी, शंभरातलं एक मेंढरू हरवलेला मेंढपाळ. मराठी बायबलमध्ये अशा गोष्टींना 'दाखला' म्हणतात. तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला नव्हे! दाखवून देतो तो दाखला.

आजचा विषय हा की हे दाखले मराठी मातीत आले तेव्हा त्यांचं काय झालं. कारण गोष्ट प्रवास करते, पण मोहरीचं झाड प्रवास करत नाही. येशूच्या गोष्टीत मोहरीचा बारीक दाणा वाढून एवढा होतो की पाखरं त्याच्या आसऱ्याला येतात. गालील सरोवराच्या काठची मोहरी माणसाच्या डोक्यावर जाते. आपली फोडणीची मोहरी फार तर कमरेएवढी, छातीएवढी. मूठभर खमिराने परातभर पीठ फुगतं, ही गोष्ट गोव्यातल्या आणि वसईतल्या माणसाला लगेच कळते. तिथं पाव घरचा. नगर जिल्ह्यातल्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या बाईला खमीर म्हणजे काय? तिला विरजण म्हटलं की चटकन कळेल. उलट हरवलेलं मेंढरू नगरच्या माळावर समजावून सांगावंच लागत नाही. धनगराचा कळप समोरूनच चाललेला असतो.

पंडिता रमाबाईंना ही अडचण नीट कळली होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते साध्या, कमी शिकलेल्या बायकांना समजावं म्हणून. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं, आणि पुस्तक १९२४ साली बाहेर आलं. रमाबाईंवर वेगळा भाग करायचा आहे, म्हणून इथं एवढंच.

आता मागे जाऊ, जवळजवळ साडेतीनशे वर्षं मागे. ४ एप्रिल १५७९ला लिस्बनहून जहाजं निघाली. त्यांतल्या एकावर थॉमस स्टीफन्स नावाचा तिशीतला इंग्रज होता. जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा माणूस. २४ ऑक्टोबरला तो गोव्यात उतरला आणि पुढच्या महिन्यात त्याने वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं, म्हणून आज वाचता येतं. त्यात उडणारे मासे आहेत. खालून मोठा मासा पाठलाग करतोय म्हणून ते पाण्याबाहेर झेप घेतात आणि वर पक्षी टपलेलेच असतात. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दिसणारा, पाण्यावर तरंगणारा एक रंगीत जीव आहे, खाली दोरे सोडलेला. सुंदर, पण इतका विषारी की हात लावायची सोय नाही. सहा महिने समुद्रावर, आजूबाजूला माणसं आजारी पडतायत, मरतायत, आणि हा बाबा बघतोय. डोळे उघडे असलेला माणूस!

याच माणसाने पुढे मराठी शिकून 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. जवळजवळ ११,००० ओव्या. १६१६ साली राशोलला छापलं, तेही रोमन लिपीत. आदाम-एवेपासून येशूपर्यंतची सगळी कथा आपल्या ज्ञानेश्वरी-एकनाथांच्या ओवीत. स्वर्गाला त्याने सरळ वैकुंठ म्हटलंय. सुरुवातीला मराठीची जी स्तुती आहे ती तुम्ही मराठी भाषा दिनाच्या फॉरवर्डमध्ये नक्की वाचली असेल. भाषेचं कौतुक करायला तो व्याकरण काढत नाही. तो फुलं, पाखरं, झाडं, सुगंधी वस्तू, आकाशातल्या राशी यांतलं एकेक सर्वात चांगलं उचलतो आणि म्हणतो, भाषांमध्ये मराठी तशी. मोगरा, कस्तुरी, मोर. ही सगळी इथली मंडळी. विल्टशरमध्ये जन्मलेल्या माणसाने इंग्लंडातलं एकही फूल त्यात घुसवलेलं नाही.

पण इथं कौतुक करताना माझा हात थोडा आखडतो. हे पुस्तक कुणासाठी लिहिलं? साष्टीतल्या नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी. त्यांच्या जुन्या पोथ्या त्यांच्याकडून काढून घेतल्या होत्या. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं, १५६७ मध्ये साष्टीतली देवळं मोठ्या संख्येनं पाडली गेली. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं आणि नंतर त्या गावच्या प्रमुखांना पोर्तुगीजांनी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. मारल्या गेलेल्या जेझुइटांचे देह मिळवायला जे धडपडले त्यांत स्टीफन्स होता. पुराणातच प्रसंग आहे की नवख्रिस्ती लोक विचारतात, आमची पुराणं बंद केलीत, मग आम्हाला वाचायला दुसरं काही द्या ना. या प्रश्नातली भूक खरी आहे, आणि ती भूक कुणी निर्माण केली हेही खरं आहे. मला दोन्ही एकत्र धरूनच हे पुस्तक वाचता येतं. मोगरा मोगराच राहतो, पण तो कुठल्या अंगणात फुललाय हे विसरून नाही चालत.

आणखी एक. दृष्टांत हा काही पाद्र्यांनी आणलेला माल नव्हे. महानुभावांचा 'दृष्टांतपाठ' तेराव्या शतकातला आहे, ज्ञानेश्वरी तर दृष्टांतांनी ओथंबलेली आहे. रोजच्या वस्तूतून देव दाखवायची सवय मराठी कानाला आधीच होती. म्हणून येशूचे दाखले इथं परके वाटले नसावेत असं मला वाटतं. परके वाटले ते दाखले घेऊन येणारे.

हे सगळ्यात नीट ओळखलं ते नारायण वामन टिळकांनी. लोकमान्य नव्हेत हं. हे रेव्हरंड टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, चित्पावन घर. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा संस्कृत काव्यावर. उतरताना त्यांनी नवा करार हातात दिला आणि म्हणाले की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते पटलं नाही, पण पुस्तक वाचायचा शब्द दिला होता. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून हलेनात.

त्या प्रवचनात आहे काय? मीठ. दिवा. आकाशातली पाखरं. रानातली फुलं, ज्यांना मराठी बायबलात 'भूकमळे' असा सुंदर शब्द आहे. कसर आणि जंग. भाकर मागितली तर बाप दगड देईल का, हा प्रश्न. खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर. कवी माणूस होता तो. तत्त्वज्ञानाने नसता अडकला, मिठाने आणि फुलांनी अडकला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांचा हिशोब जवळपास बरोबर आला.

किंमत मोठी होती. नातेवाईक तुटले. बायको, लक्ष्मीबाई, लहान मुलाला घेऊन वेगळ्या झाल्या. पुढे त्या नगरला आल्या, तरी सोवळं सोडलं नव्हतं.

टिळकांना आपण शाळेत 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखतो. 'वनवासी फूल' त्यांचंच. येशूकडे आपण तुकारामांच्या पुलावरून आलो असं ते सांगत. चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालींवर गाणी चालायची. टिळकांनी अभंग आणले, भजनं आणली, कीर्तन आणलं.

गंमत म्हणजे त्यांच्याच नगरच्या घरात काही काळ एक पोरगेला कवी राहत होता. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. आपले बालकवी! 'स्मृतिचित्रे'मध्ये तो लक्ष्मीबाईंच्या घरातलाच एक होऊन वावरतो. दोघेही फुलांवर लिहिणारे, पण किती वेगळे. टिळकांच्या फुलामागे बहुतेक वेळा कुणीतरी उभा असतो, ज्याने ते फूल केलं. बालकवींच्या 'औदुंबर'मध्ये तसं कुणी नाही. झाड आहे, पाणी आहे, आणि एक शांतता. कुठली दृष्टी खरी, हे मी सांगणार नाही. मात्र माझं मत आहे की टिळक जिथं बोध द्यायची घाई करतात तिथं कविता पातळ होते, आणि जिथं नुसतं बघतात तिथं अंगावर येते.

याचा पुरावा तुम्हाला पाठ असेल. 'केवढे हे क्रौर्य!' माणसाने जखमी केलेली पक्षीण पडत-उठत घरट्यापाशी पोचते, पिल्लांना चोचीतला घास देते आणि मरते. येशूच्या वचनात एकही चिमणी देवाच्या नकळत जमिनीवर पडत नाही. इथं एक पडलीय. नीट बघा, वचनातही चिमणी पडायची थांबते असं कुठं म्हटलेलं नाही! पडते, फक्त नकळत नाही. टिळकांच्या कवितेतही कुणी तिला वाचवायला येत नाही, कवी फक्त नजर वळवत नाही. मला ही कविता त्यांच्या कितीतरी भक्तिगीतांपेक्षा त्या वचनाच्या जवळ वाटते.

आता लक्ष्मीबाई. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतल्या सर्वात पक्क्या विद्यार्थिनी त्याच. वडील सोवळ्यापायी घरादाराला वेठीला धरणारे. त्यामुळे स्पर्शाची भीती हाडात मुरलेली. टिळक ख्रिस्ती झाले म्हणून त्या झाल्या नाहीत. त्यांनी स्वतः विचार केला, आणि तोही आजूबाजूला बघून. जात देवाने केली की माणसाने? जनावराजनावरांत देवाने केलेला फरक डोळ्यांना दिसतो. माणसामाणसांत तसा कुठं दिसतो? मग हा भेद माणसाचाच. एवढं झाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. ना ग्रीक, ना हिब्रू, ना कुणाचं प्रवचन. गोठ्यात आणि अंगणात दिसणाऱ्या गोष्टीवरून बाईने शतकांचा निकाल लावला! १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा रोग्यांची सेवा त्यांनी केली, म्हणजे जिला शिवायची भीती होती तीच आता शिवायला कुणी धजत नाही त्यांना शिवत होती. आणि 'नकुशी' नावाची एक मुलगी त्यांच्या घरी वाढली. नाव ऐकलंत ना? नको असलेली. पाचवी.

टिळकांनी शेवटी मिशनचा पगारही सोडला. १९१७मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. मिशनमधल्या बऱ्याच लोकांना हे पचलं नाही. ९ मे १९१९ला मुंबईत ते गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं ओवीबद्ध काव्य सुरुवातीच्या थोड्या अध्यायांवरच थांबलं होतं. स्टीफन्सनंतर ३०० वर्षांनी पुन्हा तोच बेत, पण यावेळी कुणाच्या हातातली पोथी काढून न घेता.

ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. कधी शाळेत न गेलेल्या, जोडाक्षरांशी झगडत लिहायला शिकलेल्या बाईने ६० हून अधिक अध्याय रचले. फेब्रुवारी १९३६मध्ये त्या गेल्या, आणि १९३८ साली मुलाने, देवदत्त टिळकांनी, ते छापलं.

'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर घ्या, लायब्ररीत सहज मिळतं. हसाल खूप, आधीच सांगून ठेवते. पुढच्या भागात केडगाव आणि पंडिता रमाबाई. भेटू!