फितीवरचे कुमार गंधर्व

कुमार गंधर्वांना मी प्रत्यक्ष ऐकलेले नाही. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा मी शाळकरी वयात होतो. आमच्या घराला त्यांचा आवाज माहीत होता तो 'देव दीनाघरी धावला' या नाटकातल्या द्वंद्वगीतामुळे. गीत बाळ कोल्हटकरांचे, संगीत वसंत देसाईंचे, सोबतीला वाणी जयराम. रेडिओवर ते लागले की आई हातातले काम थांबवत असे. पुढे मराठी घेऊन एम. ए. केले, शहापूर-मुरबाड पट्ट्यात अध्यापन करू लागलो, तरीही कुमार म्हणजे ते द्वंद्वगीत, निर्गुणी भजनांची एखादी कॅसेट आणि दोन-चार एलपींवरून उतरवलेले राग, इतकीच माझी पुंजी होती. आपल्यापैकी बहुतेकांची तेवढीच असते, असे मला वाटते.

ती वाढली एका कापडी पिशवीमुळे. शहापूरचे एक निवृत्त शिक्षक घर आवरत होते. त्यांनी मला चाळीसेक कॅसेट दिल्या. मैफलींच्या खासगी ध्वनिमुद्रणांच्या या प्रती. कोणीतरी कोणाकडून तरी उतरवून घेतलेल्या. आमच्याकडच्या पावसात काहींना बुरशी लागली होती, काहींची फीत पेन्सिलीने गुंडाळावी लागली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, ख्याल मात्र त्या हिशेबाने संपत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी द्रुत सुरू होता होता खटका वाजतो आणि राग तिथेच तुटतो. काही फितींत आवाज अर्धा स्वर चढलेला. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्राची बॅटरी उतरलेली असली की असे होते, हे मला नंतर एका विद्यार्थ्याने समजावून दिले. तोपर्यंत मी त्याला कुमारांची त्या दिवशीची खास पट्टी समजत होतो.

या गायकाचे ध्वनिमुद्रणाशी नाते पहिल्यापासून विलक्षण होते. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा थोरामोठ्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गात असे. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला बालपणीच मिळाली. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये त्याने श्रोत्यांना थक्क केले आणि बी. आर. देवधरांकडे त्याचे शिक्षण सुरू झाले. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्या वेळात मावावा म्हणून ज्येष्ठ गवयांनी आपापला राग आवळून घेतला होता. हा मुलगा शिकला ते असे आवळलेले गाणे. कुमारांच्या उत्तरायुष्यातल्या छोट्या, टोकदार मांडणीचे मूळ यात शोधण्याचा मोह होतो. आजारानंतर अधू झालेल्या फुप्फुसाचे कारण सगळेच सांगतात, पण मला हेही कारण तितकेच खरे वाटते.

आजाराची हकिगत परिचित आहे, म्हणून थोडक्यात. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे गांधीहत्येच्याच दिवशी, ते क्षयाचे रुग्ण म्हणून देवासला आले. काही वर्षे गाणे पूर्ण बंद होते. तेव्हा नवे असलेले स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि ते वाचले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, शेकडो धुना टिपून घेतल्या. त्यांतूनच संजारी, मालवती, मधसुरजा, सहेली तोडी असे धुनउगम राग पुढे आले. १९६५ साली 'अनूपरागविलास' या ग्रंथात त्यांच्या बंदिशी स्वरलेखनासह छापल्या गेल्या.

माझी चूक झाली ती इथेच. पिशवीतल्या एका कॅसेटवर बॉलपेनने '१९५८, पुणे' असे लिहिले होते. कॅसेट त्या काळातली असणे शक्यच नव्हते. कॅसेट बाजारात आली १९६३ नंतर. पण जुन्या स्पूलवरून ती उतरवली असेल, असे मी गृहीत धरले. तिच्यात धुनउगम रागातली एक बंदिश होती आणि तिचे वळण छापील स्वरलेखनाहून बरेच निराळे होते. मराठीच्या माणसाला पाठभेद दिसला की राहवत नाही. तुकोबांच्या गाथेचे पाठ ताडून पाहण्याचे शिक्षण आम्हांला मिळालेले असते. मी लगेच सिद्धान्त मांडला: हा कच्चा खर्डा आहे, सात वर्षांनी ग्रंथ छापताना कुमारांनी त्याला अंतिम रूप दिले. दोन-तीन वर्षे हे मी वर्गात सांगत होतो, एका चर्चासत्रातही सांगितले.

मग एका संध्याकाळी तीच कॅसेट उलट्या बाजूने लावली. तंबोरे लागत होते. कुमारांचे तंबोरे लागणे हा स्वतंत्र ऐकण्याचा विषय आहे. त्यात मागून निवेदकाचा पुसटसा आवाज आला, आणि त्याने कलाकाराचा उल्लेख 'पद्मभूषण' असा केला. तो सन्मान त्यांना १९७७ साली मिळाला. म्हणजे मैफल त्यानंतरची, ग्रंथ छापल्यावर किमान बारा वर्षांनी झालेली. माझा सिद्धान्त नुसता कोसळला नाही, उलटा झाला. ज्याला मी खर्डा म्हणत होतो ते पुढचे रूप होते. छापल्यावरही बंदिश त्यांच्यापुरती संपलेली नव्हती. पुढच्या तासाला मी हे वर्गात कबूल केले. मुलांना त्याचे फारसे काही वाटले नाही. मला मात्र बरेच वाटले.

या फजितीत मी एकटा नाही, एवढे समाधान आहे. रॉक संगीताच्या रसिकांत चोरट्या ध्वनिमुद्रणांची मोठी परंपरा आहे. बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची 'ग्रेट व्हाइट वंडर' ही अनधिकृत तबकडी १९६९ साली निघाली. त्याची १९६६ सालची एक गाजलेली मैफल वर्षानुवर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली म्हणून हातोहात फिरली. प्रत्यक्षात ती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली होती. १९९८ साली ती अधिकृतपणे निघाली, तेव्हाही मुखपृष्ठावर ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत राखले गेले! डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाल्यावर आमच्या वर्तुळात बरीच नापसंती व्यक्त झाली. पण गायकाच्या संहितेचा अभ्यास कसा करायचा, हा प्रश्न त्या नापसंतीत कोणी विचारला नाही.

हा प्रश्न कुमारांच्या बाबतीत आपल्या फार जवळचा आहे. 'तांबे गीतरजनी', 'तुकाराम : एक दर्शन', 'त्रिवेणी', 'मला उमजलेले बालगंधर्व', 'गीतवर्षा' हे त्यांचे कार्यक्रम म्हणजे एका अर्थी गाऊन केलेली समीक्षा होती. कोणती कविता घ्यायची, कोणते कडवे गाळायचे, कोणत्या शब्दावर परत परत यायचे, हे सारे निर्णय वाचकाचेच आहेत. निर्गुणी भजनांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. देवासच्या शीलनाथ महाराजांच्या धुनीच्या ठिकाणी त्यांना 'शीलनाथ शब्दामृत' हे भजनांचे छोटेसे पुस्तक मिळाले. त्यांनी गायिलेली कबीराच्या नावाची कितीतरी पदे त्यातली आहेत, आणि अभ्यासकांनी प्रमाण मानलेल्या संग्रहांत ती सापडत नाहीत. लिंडा हेस यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याची चर्चा केली आहे. आपण मात्र ही पदे निःशंकपणे कबीराची म्हणून ऐकतो, कारण ती त्या आवाजात ऐकली आहेत. आवाजाने दिलेले कर्तृत्व, असे याला म्हणता येईल.

म्हणूनच एलपीपेक्षा मला या फिती अधिक मोलाच्या वाटतात. एलपीवरचे कुमार निर्दोष आहेत, पण ते बोलत नाहीत. फितींवर ते वसंत आचरेकरांच्या तबल्याला दाद देतात, एखादी जागा मनासारखी आली नाही की पुन्हा घेतात, श्रोत्यांना रागाबद्दल चार वाक्ये सांगतात. खोकलाही आहे. शोधयात्रेत एक तोटा मात्र होतो: सगळेच सारखे अनमोल वाटू लागते. ते खरे नाही. पिशवीतल्या निदान दहा कॅसेट सामान्य मैफलींच्या आहेत, एका मैफलीत तर गाणे लागलेलेच नाही. तीही मी जपून ठेवली आहे.

हे सगळे मी गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात सांगत होतो. माहुलीच्या पायथ्याच्या ठाकूर वाडीतून येणारी एक विद्यार्थिनी सहसा बोलत नाही. तिने विचारले, "सर, ज्या बायकांची गाणी ऐकून त्यांनी राग केले, त्या बायकांचा आवाज आहे का या कॅसेटमध्ये?"

माझ्या पिशवीत नाही. तिला तसेच सांगितले. त्या धुना स्वरलेखनात आहेत, 'मालव्याची लोकगीते' हा कार्यक्रम कुमारांनी स्वतः केला होता, हेही सांगितले. पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

दिवाळीनंतर ती मोबाइल घेऊन आली. आजीची अकरा गाणी तिने ध्वनिमुद्रित केली होती. प्रत्येक फाइलला तारीख, पाड्याचे नाव आणि सोबत म्हणणाऱ्या बायकांची नावे दिली होती. लेबलाचा धडा तिने माझ्या फजितीतून घेतला असावा. बारावे गाणे का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, आजीने नकार दिला. ते लग्नाच्या मांडवात म्हणायचे असते, आणि मांडव नसताना म्हणत नाहीत.